जुनी गाडी, पुन्हा रस्त्यावर (भाग ७) : डेल्को बसतो, पण जुळतो का?

जुनी एमजी उभी करायला काढली की खानदेशात एक सल्ला हमखास मिळतो : "अँबेसेडरचा डेल्को टाका, फिट बसतो." सल्ला देणारा मिस्तरी खोटं बोलत नसतो. १९५५ साली आलेल्या एमजीएमध्ये बीएमसी कंपनीचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन होतं, आणि पुढे उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने तेच इंजिन अँबेसेडरमध्ये वर्षानुवर्षं दिलं. १९६२ च्या एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिनही याच घराण्यातलं. त्यामुळे डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपल्या गॅरेजमधला डेल्को, एकाचा दुसऱ्यात सरळ उतरतो. फायरिंग ऑर्डर तीच, १-३-४-२. सेल्फ मारला की गाडी चालू होते आणि मालक खूश होतो.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, आणि त्याचं मूळ डेल्कोच्या पोटात दडलेलं असतं.

पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर ठिणगी पडून उपयोग नाही, कारण मिश्रण पेटायला थोडा वेळ लागतो. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी ठिणगी आधी पडायला हवी. चार स्ट्रोकच्या इंजिनात डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. क्रँक ६००० वर असेल तर डेल्को ३००० वर, आणि चार सिलिंडरना मिळून सेकंदाला २०० ठिणग्या. एवढ्या गर्दीत ठिणगी किती आधी टाकायची, म्हणजे ॲडव्हान्स किती द्यायचा, ते दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा ठरवतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, कॅम पुढे सरकतो, ॲडव्हान्स वाढतो. तो कुठे सुरू व्हावा, किती भराभर वाढावा आणि कुठे थांबावा, हे कारखान्याने त्या त्या इंजिनासाठी ठरवून दिलेलं असतं.

अँबेसेडरचं इंजिन त्या काळच्या आपल्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालेल असं बेताच्या कॉम्प्रेशनचं होतं. कार्बोरेटर एक, चाल संथ. एमजीबीला ८.८ कॉम्प्रेशन, दोन एसयू कार्बोरेटर आणि पूर्ण ताकद ५४०० आरपीएमला. दोघांना एकच ॲडव्हान्स कसा चालेल? जळगावच्या सपाट रिंग रोडवर काही कळणार नाही. धुळ्याहून मालेगावकडे निघा, मे महिन्याची दुपार असू द्या, आणि लळिंगच्या चढावर टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. आत जाणारी हवाच तापलेली, इंजिन संथ, थ्रॉटल पूर्ण उघडा. अशा वेळी ॲडव्हान्स गरजेपेक्षा लवकर आला तर इंजिन ठोकायला लागतं. मग मिस्तरी डेल्को थोडा फिरवून टायमिंग मागे घेतो. ठोकणं थांबतं, पण गाडीचा दमही जातो आणि चौफुलीवरच्या गर्दीत टेंपरेचरचा काटा वर चढतो. टायमिंग एका जागी मागे घेतलं की ते सगळ्याच वेगांना मागे जातं.

म्हणून निवड बाकावर करावी. लुकासचा २५डी४ डेल्को हातात घ्या. बॉडीवर पार्ट नंबर ठोकलेला असतो, आधी तो आपल्या इंजिनाशी पडताळा. मग कॅप, रोटर आणि पॉइंटची प्लेट काढा. खाली वजनं दिसतात. दोन स्प्रिंगा सारख्या नसतील तर घाबरू नका : एक सुरुवातीपासून ताणलेली आणि दुसरी काहीशी सैल, असं बऱ्याच डेल्कोंत मुद्दाम केलेलं असतं. कुणी "नीट करायला" दोन्ही सारख्या घातल्या असतील तर ॲडव्हान्सची घडी तिथेच बिघडली. कॅमखालच्या पट्टीवर एक आकडा कोरलेला दिसेल, समजा १०. ते डेल्कोचे अंश, क्रँकचे त्याच्या दुप्पट, २०. त्यात एमजीबीचं १० अंशांचं स्टॅटिक टायमिंग धरलं तर वरच्या वेगाला एकूण ३० होतात. पट्टीवर १५ असेल तर तेच ४० होतील, आणि त्या इंजिनाला ते झेपणार नाहीत.

इंजिनाच्या ओढीवर ॲडव्हान्स वाढवणाऱ्या बाजूच्या व्हॅक्यूमच्या डबीवरही आकडे असतात, उदाहरणार्थ ५-१३-१०. पाऱ्याच्या ५ इंचांवर ओढायला सुरुवात, १३ वर पूर्ण, आणि जास्तीत जास्त १० अंश, तेही डेल्कोचे. नळीला तोंड लावून हवा ओढा आणि टोकावर जीभ धरा. प्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे. हळूहळू परत येत असेल तर आतला पडदा फाटलेला आहे. शर्यतीसाठी बनवलेल्या डेल्कोला ही डबीच नसते. दिसायला तो झकास, पण पारोळ्याच्या सरळ रस्त्यावर ६० च्या वेगाने अर्ध्या थ्रॉटलवर जाणाऱ्या गाडीला व्हॅक्यूम हवाच. अशा वेळी सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं आणि ठिणगी आणखी आधी मागतं. ती मिळाली नाही तर पेट्रोलही जास्त जातं आणि उष्णताही वाढते. रस्त्यावरच्या गाडीला शर्यतीचा डेल्को लावू नये, या मतावर मी ठाम आहे.

मूळ डेल्को सापडला असेल तर तोच बांधून घ्यावा. शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा. खेळ लागला तर पॉइंटची गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते आणि टायमिंग लाइटखाली खूण नाचते. बुश बदलणं अवघड काम नाही. जळगाव किंवा अवधानच्या एमआयडीसीतला चांगला टर्नर मापाचा ब्राँझ बुश करून देईल. पॉइंटची गॅप ०.०१५ इंच. रोटर मात्र स्वस्तातला घेऊ नका. पितळेची पट्टी लांब रिव्हेटने ठोकलेल्या नकली रोटरमधून करंट शाफ्टात उतरतो आणि गाडी गरम झाल्यावर मिस मारते. लोक पेट्रोल पंप बदलत बसतात.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायचं असेल तर ते मूळ कॅपखाली लपतं, आणि त्याला माझी हरकत नाही. पण १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. नेहमीचं मॉड्यूल त्यात लावलंत तर किल्ली फिरवताच जळेल. आणि मॉड्यूलने झिजलेल्या बुशाचा किंवा चुकीच्या स्प्रिंगांचा दोष जात नाही. ट्रायम्फ स्पिटफायरवाल्यांनी आणखी एक पाहावं. स्पिटफायरच्या बऱ्याच गाड्यांत आरपीएम मीटरची केबल डेल्कोतूनच निघते, त्यामुळे ती सोय नसलेला डेल्को घेतला तर मीटर मुका राहतो.

मूळ भाग जपण्याला कायद्याचंही कारण आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. डेल्को एवढ्याने नोंदणी अडणार नाही. तरी जाणकार बॉनेट उघडल्यावर सर्वांत आधी असल्याच गोष्टी बघतो.

शेवटचं टायमिंग रस्त्यावरच करावं. २५डी४ ला व्हॅक्यूमच्या बाजूला एक खाचांची छोटी चाकी असते, शेजारी ए (ॲडव्हान्स) आणि आर (रिटार्ड) अशी अक्षरं. पुस्तकाप्रमाणे टायमिंग लावा, टाकीत नेहमीचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरा, इंजिन पूर्ण तापू द्या आणि चढ चढा. ठोकत असेल तर चाकी आरकडे थोडी फिरवा, पुन्हा चढा. सत्तरच्या दशकाच्या मध्यात आलेल्या ४५डी४ ला ही चाकी नाही. तिथे क्लॅम्प सैल करून अख्खा डेल्को केसभर फिरवावा लागतो, म्हणून पाना आणि टायमिंग लाइट गाडीतच ठेवा.

पुढच्या आठवड्यात कॉईल, बॅलास्ट आणि प्लगच्या वायरी.