प्रतिकृती विमान, रेडिओ-नियंत्रित

प्रतिकृती विमान, रेडिओ-नियंत्रित : जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाने रेडिओ तरंगांच्या द्वारे नियंत्रित केलेले, मनुष्यविरहित छोटे विमान. प्रस्तुत नोंदीत नवशिक्यांसाठी असलेल्या, फेसरूप प्लॅस्टिकच्या विद्युत् चलित विमानाचे उड्डाण व दुरुस्ती यांची माहिती दिली आहे. दख्खनच्या पठारावरील परिस्थितीचा विचार करताना अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा उदाहरणादाखल घेतला आहे.

रबराच्या पिळावर चालणारे स्थिर उड्डाणाचे प्रतिकृती विमान आल्फाँस पेनो या फ्रेंच संशोधकांनी १८७१ मध्ये उडवून दाखविले. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये रेडिओ-नियंत्रित नाव प्रदर्शित केली. प्रतिकृती विमानात ही युक्ती यशस्वी होण्यास मात्र पुढे सु. चार दशके लागली. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंचे १९३० नंतरच्या दशकातील विमान या क्षेत्रातील आद्य विमानांपैकी होय. त्यानंतर बराच काळ बाल्सा लाकूड व छोटी अंतर्ज्वलन एंजिने यांचेच राज्य होते. अशा विमानाचे एक आपटणे म्हणजे कित्येक आठवड्यांच्या श्रमांचा नाश असे. फेसरूप प्लॅस्टिक, कुंचेविरहित विद्युत् चलित्र व लिथियम-पॉलिमर घटमाला यांमुळे हे चित्र पालटले. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुसेना विभागात प्रतिकृती विमाने तयार करणे व उडविणे हा प्रशिक्षणाचा भाग आहे. अहिल्यानगर शहराचा चालकविरहित विमानांशी आणखी एक संबंध आहे : तेथील वाहन संशोधन व विकास संस्थेचा ‘निशांत’ या टेहळणी विमानासाठी बनविलेल्या देशी व्हँकेल एंजिनाच्या विकासात वाटा होता व त्या एंजिनासह विमानाचे उड्डाण २००९ मध्ये झाले.

रचना : नवशिक्याच्या विमानाचे पंख कायेच्या वरच्या बाजूस असतात व त्यांची टोके किंचित उचललेली असतात. या उचलीस द्वितल कोन म्हणतात. विमान एका बाजूस कलले की, या कोनामुळे ते आपोआप सरळ होऊ पाहते. प्रचालक पंखाच्या मागे बसविलेला असल्यास नाकावर आपटूनही तो सहसा वाचतो. चलित्राचा वेग, आडव्या शेपटीवरील उच्चालक व उभ्या शेपटीवरील सुकाणू असे तीन नियंत्रण मार्ग शिकण्यास पुरेसे असतात. प्रेषक व ग्राही बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झ कंप्रता-पट्ट्यात काम करतात.

फेसरूप प्लॅस्टिकचे तीन प्रकार आढळतात. प्रसरित पॉलिस्टायरीन म्हणजे आपल्याकडील परिचित थर्मोकोल. ते स्वस्त व हलके, पण ठिसूळ असते. प्रसरित पॉलिप्रोपिलीन वाकते व पुन्हा पूर्ववत होते. कारखान्यात तयार होणाऱ्या बहुसंख्य विमानांत वापरले जाणारे पॉलिओलेफीनयुक्त फेसद्रव्य या दोहोंच्या मधले असते. दुरुस्तीचा सर्व विचार हा भेद ओळखण्यापासून सुरू होतो.

उड्डाण : अहिल्यानगर शहर समुद्रसपाटीपासून सु. ६५० मी. उंचीवर आहे. तेथे मे महिन्यातील दुपारी तापमान ४०° से. झाले म्हणजे हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण घनतेपेक्षा सु. १५ टक्क्यांनी कमी होते. हिवाळ्यातील सकाळी ही घट सु. ६ टक्केच असते. १.२ मी. पंखविस्ताराचे, २४ चौ. डेसिमी. पंखक्षेत्राचे व ७२० ग्रॅ. वजनाचे विमान घेतल्यास त्याचा तरंगत राहण्याचा किमान वेग समुद्रसपाटीवर ताशी सु. २४ किमी., तर मेमधील त्या दुपारी सु. २६ किमी. भरतो. फरक किरकोळ वाटतो. परंतु हातातून सोडलेल्या विमानास पहिल्या दोन-तीन सेकंदांत हाच वेग गाठावयाचा असतो. किमान वेगाखाली पंखावरील हवेचा प्रवाह विलग होतो, उत्थापक बल एकाएकी घटते व विमान नाक खाली करून कोसळते. घाबरलेला नवशिका अशा वेळी उच्चालक वर ओढतो आणि त्यामुळे वेग आणखी कमी होतो. नाक खाली जाऊ देणे, वेग मिळविणे व मगच हळूहळू वर घेणे हा खरा उपाय होय. त्यासाठी उंची हवी. म्हणून पहिले सर्व धडे ३०-४० मी. उंचीवर गिरवावेत. जमिनीलगत उडविणे सुरक्षित असते, हा समज घातक आहे.

दुसरी अडचण दिशेची. विमान चालकाकडे येत असताना त्याचे उजवे व डावे चालकाच्या उलट होते. अशा वेळी जो पंख खाली झुकलेला दिसतो त्याच्याच बाजूस दांडी ढकलावी, म्हणजे विमान सरळ होते. ही सवय हाताला लागेपर्यंत संगणकावरील आभासी उड्डाणाचा सराव उपयुक्त ठरतो.

प्रत्येक उड्डाणापूर्वी झडपा योग्य दिशेने हलतात की नाही हे पाहणे व रेडिओचा पल्ला तपासणे आवश्यक असते. विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सोडावे व त्याच दिशेने उतरवावे. वारा ताशी १५ किमी. पेक्षा अधिक असल्यास नवशिक्याने विमान पेटीतच ठेवावे. पारनेर तालुक्यातील सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत, यावरून या भागातील वाऱ्याची कल्पना येते. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा दिवसभर टिकून असतो. उन्हाळ्यात सकाळी हवा शांत असते. पण दहा-अकराच्या सुमारास काळी जमीन तापून हवेचे ऊर्ध्व प्रवाह व वावटळी सुरू होतात. सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत चांगले.

जागा म्हणून मुरमाड माळ शेतापेक्षा बरा. ज्वारी काढलेल्या रानातील धसकटे फेसाच्या पोटात सुरीसारखी घुसतात व उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांत पुढील चाक अडकून मोडते. घारी विमानावर झेप घेतात, तेव्हा शक्ती कमी करून खाली उतरणे श्रेयस्कर. संक्रांतीच्या आसपास पतंगाचा मांजा हा आणखी एक धोका असतो. रेहेकुरी येथील काळवीट अभयारण्याच्या परिसरात विमान उडवू नये, हे वेगळे सांगावयास नको.

भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अशी विमाने मानवविरहित हवाई यानांत मोडतात. २५० ग्रॅ. पर्यंतचे यान नॅनो व त्यापुढे २ किग्रॅ. पर्यंतचे सूक्ष्म गणले जाते. ही याने अव्यापारी कारणासाठी उडविण्यास चालक-परवाना लागत नाही. मात्र हवाई क्षेत्राच्या नकाशावरील बंधने सर्वांना लागू आहेत. या जिल्ह्यात ती महत्त्वाची ठरतात, कारण अहिल्यानगर येथे लष्करी छावणी, चिलखती दल केंद्र व शाळा आणि शहराबाहेर खारे कर्जुने येथे गोळीबाराचे क्षेत्र आहे. काकडी येथील शिर्डी विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला.

दुरुस्ती : आपटल्यावर प्रथम घटमाला काढून बाजूला ठेवावी. फुगलेली वा दबलेली लिथियम-पॉलिमर घटमाला तासाभरानंतरही पेट घेऊ शकते. प्रत्येक घट ४.२ व्होल्टच्या वर भारित करू नये व सु. ३.३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तिला ठेवणे टाळावे. १,३०० मिलिअँपिअर-तास धारणेची घटमाला सरासरी ८ अँपिअर प्रवाहाला, एक-पंचमांश शिल्लक ठेवून, सु. पावणेआठ मिनिटे पुरते. त्यामुळे सहा मिनिटांनी उतरण्याची तयारी करावी.

यानंतर फेसाचे सर्व तुकडे गोळा करावेत. लहान कपच्याही टाकू नयेत, कारण मूळ तुकडा जेवढा नेमका बसतो तेवढा नव्याने कापलेला बसत नाही. थर्मोकोलवर साधे सायनोअ‍ॅक्रिलेट किंवा विद्रावकयुक्त आसंजक लावल्यास ते विरघळते. त्यासाठी इपॉक्सी किंवा पांढरा लाकडी गोंद वापरावा. गोंद सुकण्यास रात्रभर लागते, हाच त्याचा दोष. पॉलिओलेफीनयुक्त फेसाला सायनोअ‍ॅक्रिलेट चालते. या फेसाला पडलेले पोचे गरम पाण्यात काही क्षण बुडविल्यास किंवा वाफ दिल्यास मणी पुन्हा फुगून बरेचसे भरून येतात. थर्मोकोलवर हा प्रयोग करू नये, ते वितळून आक्रसते.

मोडलेला पंख नुसता चिकटविला तर पुढील झटक्यात सांध्यालगत पुन्हा मोडतो. म्हणून सांध्यावर आडवी खाच पाडून तीत कार्बन तंतूची कांडी बसवितात. ती न मिळाल्यास बांबूची कामटी चालते. लहान सांध्यांना उदबत्तीची काडीही पुरते. तालुक्याच्या गावी सुटे भाग मिळत नाहीत, तेथे ही पद्धत विमान व छंद दोन्ही टिकवून धरते. वरून काचतंतूयुक्त चिकटपट्टी लावावी. बिजागरीची झडप फाटल्यास साध्या पारदर्शक चिकटपट्टीने ती पुन्हा जोडता येते.

दुरुस्तीत वजन वाढते. ते कोठे वाढते याला अधिक महत्त्व आहे. शेपटी गुरुत्वमध्यापासून ४५ सेंमी. मागे व नाक २० सेंमी. पुढे असल्यास शेपटीवर चढलेले १० ग्रॅ. आसंजक तोलण्यासाठी नाकात २२.५ ग्रॅ. वजन घालावे लागते. म्हणून शेपटीच्या दुरुस्तीत आसंजक शक्य तितके कमी वापरतात. आयताकृती पंखाच्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्के अंतरावर असावा. दोन बोटांवर त्या जागी विमान तोलून पाहणे ही पुरेशी परीक्षा होय. गुरुत्वमध्य मागे गेलेले विमान किंचित हालचालीनेही उसळते व नवशिक्याच्या हाती टिकत नाही. पुढे असलेले जड वाटते, पण उडते. शेवटी चलित्राचा आस वाकला आहे का, हे पाहण्यासाठी प्रचालक हाताने फिरवावा. चिरलेला प्रचालक चिकटवून वापरू नये. त्याचे पाते वेगात तुटून डोळ्याला इजा करू शकते, म्हणून तो फेकून नवा बसवितात.