आराखडा हरवू नये म्हणून...

अनेक दिवस खपून तयार केलेल्या आराखड्यावर अखेरचा हात फिरवावा आणि नेमकी त्याच क्षणी वीज जावी, हा प्रसंग संगणकावर काम करणाऱ्यांना नवा नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरने परस्पर जपून ठेवलेली तात्पुरती फाइल मदतीला येते. मात्र या सोयीलाच बॅकअप समजणे महागात पडू शकते.

डेटाबेस उभारण्यापूर्वी त्याचा नकाशा काढावा लागतो. कोणते तक्ते असावेत, त्यांत कोणते रकाने असावेत आणि एका तक्त्याचे दुसऱ्याशी नाते काय, हे त्यात ठरते. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या 'एंटिटी-रिलेशनशिप' पद्धतीवर अशी बरीचशी सॉफ्टवेअर्स आधारलेली आहेत. त्यांपैकी 'मायएसक्यूएल वर्कबेंच'चे उदाहरण घेऊ.

या सॉफ्टवेअरमधील आराखड्याची 'एमडब्ल्यूबी' फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप गाठोडे असते. ती उघडली की आतील मजकूर एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये मोकळा होतो आणि ठरावीक अंतराने तेथे आपोआप नोंदवला जातो. हे अंतर 'प्रेफरन्सेस'मध्ये ठरवता येते. संगणक अचानक बंद पडल्यास पुढच्या वेळी आराखडा उघडताना सॉफ्टवेअर तशी सूचना देते व शेवटची नोंद परत मिळवण्याचा प्रयत्न करते. अट एकच: ती फाइल पूर्वी किमान एकदा तरी नाव देऊन सेव्ह केलेली असावी. म्हणून नवा आराखडा सुरू करताच, पहिला तक्ता मांडण्याआधीच, तो सेव्ह करावा.

दुसरी सोय 'बॅक' या शेपटाच्या फाइलची. आराखडा सेव्ह केला की त्याची आधीची प्रत या नावाने त्याच फोल्डरमध्ये राहते. चुकून एखादा तक्ता पुसला आणि तसेच सेव्ह झाले, तर हीच प्रत उपयोगी पडते. परंतु ती एकाच पिढीची असते. घाबरून पुन्हा सेव्ह केले, तर तिच्या जागी चुकीचीच प्रत येऊन बसते. चूक लक्षात येताच हात आवरावा आणि ती फाइल आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी.

आता या दोन्ही फाइली असतात कोठे? बहुधा त्याच संगणकावर, त्याच हार्ड डिस्कवर. डिस्क बिघडली किंवा लॅपटॉप चोरीस गेला, तर मूळ फाइलबरोबर त्याही जातात. तयार डेटाबेसवरून तक्ते पुन्हा आराखड्यात आणता येतात, हे खरे. परंतु आकृतीची मांडणी आणि तिच्यावर लिहिलेली टिपणे त्यातून परत येत नाहीत. अमुक नाते असेच का जोडले, याचे उत्तर अनेकदा त्या टिपणांतच असते.

तेव्हा दिवसाचे काम संपल्यावर फाइलच्या नावात तारीख घालून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक दूरच्या सर्व्हरवर ठेवावी. महिन्यातून एकदा त्यांतील एखादी प्रत उघडूनही पाहावी. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे कुलूप न तपासता गावाला जाण्यासारखेच आहे.