दिव्यापुढचा हात

मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात ‘ग्लो ऑफ होप’समोर थोडा वेळ उभं राहा, कुणी ना कुणी शेजारच्याला सांगतंच, “हे रविवर्म्याचं.” कितीतरी वर्षं मीही तसंच समजत होतो. चित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. १९४५-४६ मधलं. हातात दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. आणि मला खरा धक्का बसला तो पुढच्या माहितीनं: हे तैलचित्र नाही, जलरंगातलं आहे.

जलरंगात उजेड रंगवत नाहीत, राखतात. जिथं लख्ख हवं तिथं कागद कोरा सोडायचा आणि भोवताली अंधार चढवत न्यायचा. मी लिनोकट करतो, म्हणजे लिनोलियमचा ठोकळा कोरून त्यावरून छापतो. आमच्याकडेही तोच हिशेब. गाऊजनं, म्हणजे कोरायच्या पात्यानं, खणून काढलं तिथं कागदाचा पांढरा, राहिलं तिथं शाईचा काळा. म्हटलं, मग हे चित्र आपल्या पद्धतीनं करून बघायला काय हरकत आहे?

हरकत होती. हळदणकरांच्या चित्रात चेहऱ्यावरचा उजेड गालावरून अंधारात कुठं जातो ते बोट ठेवून सांगता येत नाही. लिनोत मधलं काही नसतंच. काळं नाहीतर पांढरं. १८८९ मध्ये सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना व्हॅन गॉगनं चित्रकार मिलेची चित्रं पुन्हा करायला घेतली, तेव्हा त्याच्यासमोर काळ्या-पांढऱ्या छापील प्रती होत्या आणि रंग त्यानं आपल्या मनानं भरले. मी निघालो होतो उलट्या वाटेनं.

पहिला ठोकळा सरळ फसला. दिव्याभोवती मी किरण कोरले. छान एकसारखे, बारीक, गोल. पहिलं प्रूफ काढलं आणि वाण्याकडच्या कॅलेंडरवरची लक्ष्मी समोर आली. मूळ चित्रात एकही किरण नाही. ज्योतच दिसत नाही. ती हाताच्या आडोशाला आहे. आपण चित्र किती पाहतो आणि किती नुसतं आठवतो, ते कोरायला बसल्यावर कळतं.

मग रात्री पंखा बंद केला, दिवे घालवले आणि बायकोला निरांजन धरून उभं केलं. “हात पुढे धर. अजून जवळ. जरा वर.” ती म्हणाली, “अहो, तुमचं चित्र होईपर्यंत माझ्या हाताची पोळी भाजेल.” मी मात्र तिच्या बोटांकडे बघत होतो. मला वाटायचं, दिव्यापुढं धरलेला हात सगळाच लाल होतो. तसं नसतं. तळव्याचा भाग काळाच राहतो. पेटतात त्या बोटांच्या कडा, आणि दोन बोटांमधली पातळ कातडी. करंगळीची कड तर तापलेल्या तारेसारखी दिसत होती. म्हणजे लाली गेली तरी हात हातातून जाणार नव्हता. प्रत्येक बोट काळं ठेवायचं आणि त्याच्या कडेनं केसाएवढी एक रेघ काढायची.

दुसरी गोष्ट तिच्या मागे होती. ती जरा हलली की भिंतीवरची सावली केवढी तरी हले. मूळ चित्रातही मागं सावली आहे. मी तिला पार्श्वभूमी समजून पहिल्या ठोकळ्यात करड्यासारख्या रेघोट्यांनी भरून टाकली होती. आता दुसऱ्या ठोकळ्यात ती अखंड काळी ठेवली. गाऊज लावलाच नाही. चेहऱ्यावर फक्त हनुवटीखालून वर जाणाऱ्या रेघा, गालाशी दाट, कपाळाकडे विरळ. उजेडाचं निम्मं काम त्या न कोरलेल्या सावलीनं केलं. फुकटात.

लिनो थंडीत कडक होतो, पातं घसरतं. कापण्याआधी तो उन्हात ठेवायचा, दुसरा हात नेहमी गाऊजच्या मागं. दुसरा नियम मोडल्याची खूण माझ्या डाव्या अंगठ्यावर आहे. बोटांच्या कडा कोरायला दोन संध्याकाळी गेल्या, बाकी सगळं एका रविवारी उरकलं.

छापलं तेव्हा चित्र आरशातलं निघालं. ट्रेसिंग पालथं घालून उतरवायचं मी घाईत विसरलो होतो. एखाद्या विद्यार्थ्याला मी यासाठी ओरडलो असतो. पण युरोपात मोठ्या चित्रांवरून जे कोरीव ठसे काढत, त्यांतलेही कित्येक असेच उलटे असत. त्या आधारावर स्वतःला माफ केलं. खरं सांगायचं तर तिसरा ठोकळा कोरायची ताकद नव्हती.

प्रेस माझ्याकडे नाही. रोलरनं शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि लाकडी डावाच्या पाठीनं घासायचं. जास्त घासलं तर बारीक रेघा शाईनं बुजतात, कमी घासलं तर सावलीत पांढरे ठिपके उठतात. पाच कागद वाया गेले. बारा बरे निघाले. ते गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी टांगले.

वाळल्यावर खाली पेन्सिलीनं डावीकडे १/१२, उजवीकडे माझी सही. मधे शीर्षक लिहितात. तिथं बराच वेळ पेन्सिल टेकवून बसलो आणि मग ‘हळदणकरांवरून’ एवढंच लिहिलं. बायको चष्मा लावून बघत होती. चेहऱ्याबद्दल काही बोलली नाही. “करंगळी माझीच आहे,” म्हणाली, आणि पहिली प्रत मजुरी म्हणून घेऊन गेली.