परराज्यातील बियाणे कंपनी व विक्रीचा परवाना

पेरणीचा हंगाम जवळ आला की परराज्यातील कंपन्यांचे प्रतिनिधी गावोगावी फिरू लागतात. आपली कंपनी सरकारदरबारी नोंदलेली आहे असे सांगून ते दाखलाही दाखवितात. हा दाखला खरा असला, तरी तेवढ्यावरून त्यांना आपल्या गावी बियाणे विकण्याचा अधिकार मिळत नाही. हा भेद शेतकरी बंधूंनी नीट ध्यानात घेतला पाहिजे.

कंपनीची नोंदणी कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये केंद्र सरकारच्या निबंधकाकडे होते व ती देशभर मान्य असते. हैदराबाद किंवा अहमदाबाद येथील कंपनीस महाराष्ट्रात कंपनी म्हणून पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. बियाण्याची विक्री ही मात्र निराळी बाब होय. बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ प्रमाणे जेथे विक्री करावयाची, तेथील परवाना विक्रेत्याजवळ असावा लागतो. नोंदणीवरून कंपनी अस्तित्वात आहे एवढेच कळते. परवान्यामुळे माल कोठे व कोणाच्या ताब्यात आहे हे कृषि खात्यास कळते आणि दोष आढळल्यास परवाना रद्द करता येतो.

म्हणून खरेदी करताना पुढील गोष्टी कराव्यात :

(१) परवान्यावरील नाव, जागा व मुदत तपासावी.

(२) पावती अवश्य घ्यावी. ती देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तीवर वाण, लॉट क्रमांक व किंमत लिहून घ्यावी.

(३) प्रमाणित बियाण्यास निळी, तर सत्यप्रत बियाण्यास हिरवट चिठ्ठी असते. तीवरील उगवणीचे प्रमाण व चाचणीची तारीख वाचावी.

(४) पिशवी, चिठ्ठी व थोडे बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावे.

उगवण न झाल्यास पीक मोडण्यापूर्वीच तालुका कृषि अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, म्हणजे तक्रार निवारण समितीस शेताची पाहणी करता येते. बियाणे घेणारा शेतकरी हाही ग्राहकच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तक्रारदारास स्वतःच्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. कंपनीच्या राज्यात हेलपाटे घालण्याचे कारण नाही. परंतु पावती नसेल, तर बियाणे कोणाकडून घेतले हे सिद्ध करणेच कठीण होऊन बसते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी परवानाधारक विक्रेत्यांची यादी पंचायत समितीच्या कृषि अधिकाऱ्याकडून मिळवावी आणि पेरणीपूर्वीच ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.