आधी औषध, मग दमा

इजिप्तमध्ये ‘खेल्ला’ नावाची वनस्पती उगवते; कोथिंबीर-ओव्याच्या कुळातली. तिच्या वाळलेल्या फुलोऱ्याच्या काड्यांनी लोक दात कोरतात, बियांचा काढा मुतखड्याच्या कळांवर घेतात. १९४०च्या दशकात कैरोत ग्लेब अन्रेप या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की हा काढा घेणाऱ्या त्याच्या मदतनिसाचं हृदयविकाराचं छातीतलं दुखणंही कमी झालंय. बियांतल्या खेलिनने रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका सैलावतात. मात्र मळमळही होते. इंग्लंडमध्ये बेंगर्स या औषध कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी मग खेलिनच्या धर्तीवर नवी संयुगं बनवायला घेतली.

तिथे १९५६ साली डॉ. रॉजर अल्टुनियन रुजू झाले. जन्म सीरियातल्या अलेप्पोचा, दम्याने स्वतः बेजार. (आर्थर रॅन्समच्या ‘स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स’मधल्या धाकट्या रॉजरला नाव मिळालं ते यांचंच.) संयुगं गिनीपिगवर तपासायची, हा शिरस्ता त्यांना पटेना. माणसाचा दमा माणसातच तपासायला हवा, असं म्हणून त्यांनी स्वतःची छाती पुढे केली.

गिनीपिगच्या कोंड्याची त्यांना अ‍ॅलर्जी होती. तोच कोंडा भिजवून अर्क काढायचा, त्याचा फवारा छातीत ओढायचा आणि दमा उठू द्यायचा. मग जोर लावून श्वास सोडायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्रावर मोजायचं. थोड्या वेळाने पुन्हा, मग पुन्हा. दुसऱ्या खेपेला आधी संयुग घ्यायचं, त्यावर तोच फवारा, तेच माप. संयुगात गुण असेल तर तो या आकड्यांत दिसायलाच हवा. ‘जरा बरं वाटतंय’ एवढ्यावर भागत नव्हतं. जवळपास आठ वर्षं हा माणूस आपणहून धाप लावून घेत राहिला. मला ही पद्धत औषधाइतकीच मोलाची वाटते. आपल्या अडुळशाबद्दल, पित्तमारीबद्दल कुणी ठासून सांगू लागलं, की मी विचारते: दिलं केव्हा आणि मोजलं काय?

‘केव्हा’ला इथे फार महत्त्व आहे. काही संयुगं श्वासनलिका मुळीच सैल करत नव्हती, पण आधी घेतली तर दमा उठतच नव्हता. गिनीपिगवर मात्र त्यांचा गुण दिसेना. केवळ त्या निकालावर विसंबलं असतं, तर ती केव्हाच बाद झाली असती. अखेर १९६५ साली सोडियम क्रोमोग्लायकेट हाती आलं. अ‍ॅलर्जीत मास्ट पेशी हिस्टामिन आणि इतर दाहक द्रव्यं बाहेर टाकतात. हे औषध त्यांना आवरून धरतं. एकदा उठलेला दमा मात्र त्याने बसत नाही.

एका छातीवरचा पुरावा पुरेसा नव्हताच. १९६७मध्ये हॉवेल आणि अल्टुनियन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. तीत खरं औषध कुणाला मिळतंय हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही नाही.

हे औषध पोटातून जेमतेमच शोषलं जातं, म्हणून भुकटी थेट छातीत पोचवणं भाग होतं. युद्धकाळात वैमानिक असलेल्या अल्टुनियन यांनी सहकाऱ्यांसह त्यासाठी ‘स्पिनहेलर’ घडवला. रुग्णाने श्वास ओढला, की त्यातला इवलासा पंखा फिरतो आणि टोचलेल्या कॅप्सूलमधली औषधाची भुकटी त्याच श्वासाबरोबर आत जाते.