‘मॅडव्हिलनी’ : दोन कलावंतांच्या सहनिर्मितीचा एक विचार

हिपहॉप संगीतात ‘प्रोड्यूसर’ ही संज्ञा ज्या अर्थाने रूढ आहे, तो अर्थ मराठीतील ‘निर्माता’ या शब्दात येत नाही. आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसा गुंतविणारा. हिपहॉपमधील प्रोड्यूसर हा मात्र ताल, स्वरखंड आणि ध्वनीची एकूण रचना सिद्ध करणारा संगीतकार असतो. मोठ्या कंपन्यांच्या अल्बमसाठी अनेक प्रोड्यूसरांकडून स्वतंत्र रचना घेण्याची प्रथा १९९० नंतर दृढ झाली. त्यामुळे विक्रीला हातभार लागला असेल. परंतु अल्बमची एकात्मता पुष्कळदा हरवली. या पार्श्वभूमीवर २३ मार्च २००४ रोजी लॉस एंजेलिस येथील ‘स्टोन्स थ्रो’ या स्वतंत्र संस्थेने प्रकाशित केलेला ‘मॅडव्हिलनी’ हा अल्बम अभ्यासनीय ठरतो.

यातील शब्द मुख्यत्वे एमएफ डूम (मूळ नाव डॅनियल डुमिले) यांचे, तर संगीत मॅडलिब (मूळ नाव ओटिस जॅक्सन) यांचे आहे. डुमिले यांची पूर्वपीठिका येथे महत्त्वाची आहे. त्यांच्या ‘केएमडी’ या समूहातील सहकारी व धाकटा भाऊ सबरॉक १९९३ मध्ये अपघातात मरण पावला आणि पुढे इलेक्ट्रा कंपनीने मुखपृष्ठावरील वादामुळे समूहाचा तयार अल्बम प्रकाशित करण्यास नकार दिला. काही वर्षांच्या अज्ञातवासानंतर ते परतले ते चित्रकथेतील खलनायक डॉक्टर डूमवरून घेतलेला धातूचा मुखवटा धारण करून. चेहरा दडवून शब्दांकडे लक्ष वेधण्याचा हा प्रकार केवळ नाटकीपणा मानता येणार नाही. ज्या व्यवसायाने त्यांना नाकारले, त्यालाच दिलेले ते उत्तर होते.

मॅडलिब यांची कार्यपद्धती विलक्षण साधी होती. २००२ मधील ब्राझीलच्या प्रवासात त्यांनी एक लहान सॅम्पलर, सुटसुटीत टर्नटेबल आणि कॅसेट-यंत्र एवढ्याच सामग्रीवर हॉटेलच्या खोलीत बऱ्याच रचना केल्या. स्थानिक दुकानांत मिळालेल्या जुन्या तबकड्या हाच त्यांचा कच्चा माल. ‘रेड’ या गीतात ओस्मार मिलितो या ब्राझिलियन संगीतकाराचे तुकडे आढळतात, ते याच ओढीतून. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने विनापरवाना सॅम्पल वापरणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरविल्यापासून प्रसिद्ध गीतांचे तुकडे वापरणे खर्चिक झाले होते. अल्पपरिचित तबकड्यांकडे वळण्यात त्यामुळे रसिकतेइतकीच व्यावहारिक निकडही संभवते.

काम अर्धवट असतानाच, प्रकाशनाच्या वर्षभराहून अधिक काळ आधी, त्याची कच्ची प्रत इंटरनेटवर फुटली. लहान संस्थेच्या दृष्टीने हा आघात गंभीर होता, कारण ज्याला अल्बम विकत घ्यावयाचा, त्याच्या हाती तो फुकट पोहोचला होता. दोघेही काही काळ अन्य कामांकडे वळले. पुन्हा एकत्र आल्यावर डूम यांनी आपला आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केला आणि तो आधीपेक्षा खालच्या, संथ पट्टीत. मॅडलिब यांच्या धुरकट, किंचित अडखळत्या तालाशी हा आवाज अधिक मिळून येतो. कच्ची प्रत ऐकलेल्यांपैकी काहींना जुना जोमदार आवाज अधिक भावतो. तथापि अल्बमला जी सलगता आली, ती या बदलातूनच, असे म्हणावे लागते.

सुमारे ४६ मिनिटांत २२ रचना सामावल्या आहेत. म्हणजे सरासरी दोन मिनिटांच्या जेमतेम वर. बहुतेक रचनांत ध्रुवपद नाही. आपल्या गीतपरंपरेत ध्रुवपदाला जे विसाव्याचे स्थान असते, ते येथे जुन्या चित्रपटांतील संवादांचे तुकडे आणि अचानक होणारा शेवट यांना मिळते. एखादी कल्पना संपली की गीतही संपते. अनेक संगीतकार असते, तर इतका अपुरेपणा खपला नसता. प्रत्येकाने आपली रचना पूर्णत्वाला नेण्याचा आग्रह धरला असता.

पुढे मॅडलिब यांनी २००७ मध्ये ‘बीट कंडक्टा’ मालिकेत भारतीय चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर आधारलेला भाग काढला. डुमिले ३१ ऑक्टोबर २०२० रोजी निवर्तले. ‘मॅडव्हिलनी’चा बहुचर्चित दुसरा भाग त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही.