डायलिसिस घरीही होतं : तरुण रुग्णांभोवतीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातारा-सांगलीकडे विशी-पंचविशीतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या किडन्या निकामी झाल्या, की घरात दोनच गोष्टींची चर्चा सुरू होते : किडनी कोण देणार, आणि तोवर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला घेऊन कोण जाणार? डायलिसिस घरच्या घरीही करता येतं, हे अनेकांच्या कानावर फार उशिरा पडतं. तोवर दम लागलेला असतो, पाय सुजलेले असतात, अपरात्री कराड किंवा मिरज गाठलेली असते आणि मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस उरकलेलंही असतं. घाईत मिळतो तो उपचार, निवड नव्हे. ती आधी करता यावी म्हणून घरच्या डायलिसिसबद्दलचे नेहमीचे गैरसमज एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज : डायलिसिस म्हणजे मशीन, आणि मशीन म्हणजे दवाखाना.

वस्तुस्थिती : मशीनवर रक्त शुद्ध करतात ते हिमोडायलिसिस. एका वेळेला साधारण चार तास लागतात. तेही घरी होऊ शकतं. जयप्रकाश नारायण यांच्यावर १९७५ मध्ये मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिस सुरू झालं आणि पुढे पाटण्याच्या घरीही त्यांच्यासाठी मशीनची सोय करण्यात आली. पण मशीन, शुद्ध पाण्याचं यंत्र आणि तयार माणूस हा सारा पसारा सामान्य कुटुंबाला पेलत नाही. आपल्याकडे घरी होणारं डायलिसिस म्हणजे बहुतेक वेळा पोटाचं, म्हणजेच पेरिटोनियल डायलिसिस. त्याच्या हातानं करायच्या प्रकाराला डॉक्टर सीएपीडी म्हणतात.

पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो आणि त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. छोट्या शस्त्रक्रियेनं बेंबीच्या बाजूला सिलिकॉनची मऊ नळी बसवतात. तिच्यातून साधारण दोन लिटर निर्जंतुक द्रावण पोटात सोडायचं, चार ते सहा तास राहू द्यायचं, मग काढून टाकून नवं भरायचं. द्रावणात साखरेचा एक प्रकार, डेक्स्ट्रोज असतो. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं हे द्रावण शरीरातलं जादा पाणी ओढून घेतं आणि रक्तातली घाणही पडद्यातून त्यात उतरते. दिवसातून तीन-चार वेळा हे करायचं. मधल्या वेळात नळीला टोपण लावलेलं असतं. पोटात द्रावण असलं तरी माणूस चालतो, फिरतो, काम करतो.

हा काही काल-परवाचा प्रयोग नाही. कायम ठेवता येणारी ही नळी हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये पुढे आणली, दिवसभर चालणाऱ्या या पद्धतीची कल्पना पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत मांडली, आणि भारतात ती १९९१ पासून वापरात आहे.

गैरसमज : आपल्यासारख्यांच्या घरात इन्फेक्शन होणारच.

वस्तुस्थिती : धोका खरा आहे, पण तो घराच्या आकारावर कमी आणि हातांच्या सवयीवर जास्त अवलंबून असतो. संगमरवरी फरशी लागत नाही. बदल करण्याच्या वेळेपुरता, पुसून घेता येईल असा स्वच्छ कोपरा लागतो. गोठ्यातून किंवा रानातून आल्यावर आधी अंघोळ, मग बदल. कुत्रं-मांजर खोलीबाहेर.

एक बदल जवळून पाहू. दार-खिडकी लावायची, पंखा बंद. तोंडाला मास्क. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून साबणानं नखांपर्यंत हात धुवायचे आणि स्वच्छ रुमालानं कोरडे करायचे. पिशवीवरची तारीख आणि द्रावणाची तीव्रता वाचायची, पिशवी दाबून गळती बघायची. मग नळीचं टोपण काढून जोडणी करायची. जोडणीचं उघडं टोक कशालाही लागता कामा नये, बोटालाही नाही. सगळी शिस्त या क्षणासाठी असते. टोक चुकून कशाला लागलंच, तर जोडणी तिथेच थांबवून केंद्राला फोन करायचा. पोटातलं जुनं द्रावण खालच्या पिशवीत उतरायला वीसेक मिनिटं, नवं भरायला दहाएक मिनिटं. शेवटी नवं टोपण. बाहेर आलेलं द्रावण मोजून वहीत लिहायचं, त्याशेजारी वजन आणि रक्तदाब. द्रावण फिकट पिवळं आणि नितळ हवं. पिशवीखाली छापील कागद ठेवला तर अक्षरं वाचता आली पाहिजेत.

द्रावण गढूळ दिसलं, पोट दुखू लागलं, ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. ती पिशवी सोबत घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वेळेत गेलं, तर बहुतेक इन्फेक्शनं प्रतिजैविकांनी बरी होतात. दर रुग्णामागे असं इन्फेक्शन अडीच वर्षांतून एकदाहून अधिक होऊ नये, असं उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-संघटनेनं २०२२ मध्ये केंद्रांपुढे ठेवलं आहे. म्हणजे ते टाळता येतं, मात्र त्यासाठी शिकवणी पक्की हवी. आठवडा-दोन आठवडे शिकून, नर्ससमोर बिनचूक करून दाखवल्याशिवाय घरी सुरू करू नये.

गैरसमज : जिथं पाण्याचा टँकर येतो आणि लाईट जाते, तिथं हे कसं जमणार?

वस्तुस्थिती : नेमकं तिथंच ते जास्त जमण्यासारखं आहे. हिमोडायलिसिसच्या एका चार तासांच्या खेपेला शुद्ध पाण्यापासून बनवलेलं सुमारे १२० लिटर द्रावण मशीनमधून जातं. ते पाणी शुद्ध करताना वाया जातं ते वेगळंच. पोटाच्या डायलिसिसचं द्रावण कारखान्यातून पिशवीबंद येतं, पाणी लागतं ते हात धुण्यापुरतं. हातानं करायच्या पद्धतीत विजेची गरज नसते, कारण पिशवी उंच टांगली की द्रावण आपसूक उतरतं. रात्री झोपेत बदल करणारं छोटं यंत्रही मिळतं, त्याला मात्र वीज लागते. म्हणून माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतल्या रुग्णानं डॉक्टरांना घरच्या डायलिसिसबद्दल विचारलंच पाहिजे. मशीनपर्यंत जाऊन परत यायला तिथं अख्खा दिवस मोडतो.

पुराचा प्रश्न वेगळा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी असते ४५ फूट. रस्ते बंद झाले की आठवड्याला तीनदा मशीन गाठणारा अडकतो. घरी पिशव्या असलेला काही दिवस तग धरू शकतो, पण साठा कोरडा असेल तरच. रोज तीन पिशव्या धरल्या तरी महिन्याच्या नव्वद होतात, आणि वजन पावणेदोनशे किलोंच्या पुढे जातं. हे खोके जमिनीपासून उंच ठेवावेत, उंदरांपासून आणि उन्हापासून जपावेत. कृष्णाकाठच्या घरांनी पावसाळ्याआधी जादा साठा मागवून वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवावा. पाटण-जावळीच्या डोंगरी वाड्यांनीही हीच तजवीज जूनच्या आधी करावी.

गैरसमज : किडनीचा पेशंट म्हणजे डाळ, अंडी, मटण सगळं बंद.

वस्तुस्थिती : डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं मोजून खायला सांगतात, ते बरोबरच आहे. डायलिसिस सुरू झाल्यावर हिशोब उलटा होतो. पोटाच्या द्रावणातून रोज साधारण ५ ते १० ग्रॅम प्रथिनं बाहेर जातात. त्यामुळे वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. जुनं पथ्य तसंच चालू ठेवलं तर तरुण माणूस खंगतो, आणि खापर मात्र डायलिसिसवर फुटतं. अंडं, मासे, चिकन, डाळ यांचं प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावं.

पोटॅशियमचंही असंच. हिमोडायलिसिसवरच्या रुग्णाला तासगावचा बेदाणा, केळी, शहाळं जपून घ्यावं लागतं. पोटाच्या डायलिसिसवर काहींचं पोटॅशियम उलट कमी होतं. म्हणून शेजाऱ्याचं पथ्य उसनं घेऊ नये, आपल्या रक्ततपासणीवर जावं. मीठ मात्र दोघांनीही कमीच ठेवायचं : लोणचं, पापड, खर्डा बेतानं. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, आतडी भरलेली असली की नळीतून द्रावण नीट उतरत नाही. किडनी ‘जागी करणारे’ काढे, भस्मं आणि दुकानातून मनानं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या पूर्ण बंद. उरलीसुरली किडनी त्यांनीच जाते, आणि थोडीफार लघवी होत राहणं हा रुग्णाचा मोठा आधार असतो. पोटाच्या डायलिसिसमध्ये हा आधार जास्त काळ टिकतो.

गैरसमज : पोटात नळी म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न संपलं.

वस्तुस्थिती : सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना असे बदल बसवले, तर मधले तास मोकळे राहतात. कॉलेज करता येतं, दुकान सांभाळता येतं, कार्यालयात स्वच्छ खोली मिळाली तर दुपारचा बदल तिथंही होतो. रात्रीचं यंत्र असेल तर अनेकांचा दिवस जवळजवळ पूर्ण मोकळा राहतो. बंधनं आहेत, ती लपवू नयेत. विहिरीत आणि नदीत पोहणं बंद. उसाची मोळी, हळदीचं पोतं उचलणं नको, हर्निया होऊ शकतो. नळीच्या तोंडाची रोज निगा राखावी लागते. बाकी शेतीची देखरेख, वाहन चालवणं, प्रवास हे सगळं डॉक्टरांशी बोलून सुरू ठेवता येतं.

लग्न ठरवताना आजार लपवणं दोघांवरही अन्याय करणारं आहे. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. डायलिसिसवर पाळी अनियमित होते, दिवस राहण्याची शक्यता कमी होते, पण संपत नाही. त्यामुळे गर्भनिरोधनाबद्दल आणि मूल हवं असल्यास त्याच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी उघड बोललं पाहिजे. हा प्रश्न सासूबाईंनी नव्हे, त्या मुलीनं स्वतः विचारावा.

गैरसमज : पोटाचं डायलिसिस दुय्यम, आणि ते केलं की ट्रान्सप्लांट होत नाही.

वस्तुस्थिती : हाँगकाँगनं १९८५ पासून योग्य त्या रुग्णांना आधी पोटाचंच डायलिसिस देण्याचं धोरण ठेवलं आहे. दुय्यम उपचारावर कुणी असं धोरण उभारत नाही. ट्रान्सप्लांटलाही त्याची आडकाठी नसते. अर्थात ते प्रत्येकाला चालतं असं नाही : पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या असतील, मोठा हर्निया असेल, तर डॉक्टर नको म्हणू शकतात. आणि काही वर्षांनी पडद्याची क्षमता घटली की मशीनकडे वळावंही लागतं. तरुण रुग्णानं याकडे ट्रान्सप्लांटपर्यंतचा पूल म्हणून पाहावं. १९९४ च्या कायद्यानुसार आई-वडील, भावंडं, मुलं, पती-पत्नी, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबाही जवळचे नातेवाईक म्हणून किडनी देऊ शकतात. घरातलं कुणी जुळत नसेल, तर मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी आपल्या भागाची प्रतीक्षायादी पुण्याची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती पाहते. नाव नोंदवायचं ते ट्रान्सप्लांट करणाऱ्या रुग्णालयामार्फत. तोवर हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करावी आणि गरज नसताना रक्त चढवून घेऊ नये, कारण त्यामुळे पुढे जुळणी अवघड होते.

गैरसमज : हे श्रीमंतांचं काम.

वस्तुस्थिती : पिशव्या खिशातून घ्यायच्या तर महिन्याचा खर्च साधारण वीस-तीस हजारांच्या घरात जातो, आणि तो मोठाच आहे. पण तुलना करताना दवाखान्याच्या खेपा, गाडीभाडं आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरीही धरायला हवी. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये त्यात पोटाच्या डायलिसिससाठी मार्गदर्शक सूचना आल्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण २०२३ च्या निर्णयानं कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झालं. पोटाच्या डायलिसिसचा नेमका कोणता खर्च कुठे बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारावं, आणि ते नळी बसवण्याआधी विचारावं.

गैरसमज : जितकं लांबवता येईल तितकं बरं.

वस्तुस्थिती : नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यावरून घाई करायची नसते, हेही खरं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ८२८ रुग्णांच्या अभ्यासात लवकर सुरू केल्यानं आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पण उपचार सुरू करणं आणि तयारी करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नळी बसवल्यावर जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात, शिकायला वेळ लागतो, कागदपत्रांना त्याहून जास्त. किडनीचं काम १५ ते २० टक्क्यांवर आलं की पुढच्याच भेटीत हे प्रश्न विचारावेत : माझ्या पोटाला हे चालेल का? तुमच्या केंद्रात किती जण घरी करतात? शिकवणार कोण? रात्री अडचण आली तर फोन कुणाला करायचा? पिशव्या माझ्या गावापर्यंत येतील का? ट्रान्सप्लांटची तयारी सोबतच सुरू करायची का? केंद्राला घरच्या डायलिसिसचा अनुभव नसेल, तर तसं केंद्र सुचवायला सांगावं.

एक विनंती आई-वडिलांना. पोरावरच्या मायेपोटी पिशवी जोडण्याचं काम आईच हातात घेते आणि विशीतला मुलगा पलंगावर बसून राहतो. आईनं शिकावं, जरूर शिकावं, अडीअडचणीला उपयोग होतो. पण रोजचं काम ज्याच्या पोटात नळी आहे त्याचंच असू द्या. वही त्यानं लिहावी, साठा त्यानं मोजावा, डॉक्टरांशी त्यानं बोलावं. आजार त्याला पुढची कित्येक वर्षं सांभाळायचा आहे, आणि तो त्याला सांभाळता येतो.